हार्वेस्टर थरथरतो, तिथंच दाणा गळतो

सप्टेंबर सरत आला की कृष्णाकाठच्या सोयाबीनची पानं झडतात आणि काढणीची घाई सुरू होते. एका बाजूला परतीचा पाऊस, दुसऱ्या बाजूला वाळून तडकायला आलेली शेंग. वाळवा, पलूस, मिरज, कराड, कोरेगाव, कुठंही जा, मजूर मिळत नाहीत म्हणून हार्वेस्टरला नंबर लावलेला असतो. मशीन येतं, तासाभरात रान मोकळं करून पुढच्या बांधावर जातं. मग जमिनीवर पडलेले दाणे बघून कुणीतरी म्हणतं, "मशीननं काढलं की एवढं पडायचंच." एवढं पडायचंच असं काही नसतं. त्यातलं बरंचसं अर्ध्या तासाच्या तपासणीत थांबवता येतं.

हार्वेस्टरबद्दल दोन तक्रारी कायम ऐकू येतात. मशीन फार थरथरतं आणि दाणे फार पडतात. पहिली तक्रार मेकॅनिककडं जाते, दुसरी नशिबावर सोडली जाते. पण पुष्कळदा दोन्हींचं मूळ एकच असतं. ब्लेड बोथट झालं की ते झाड कापत नाही, ओढतं. त्या ओढीनं कटर बार, म्हणजे ब्लेड बसवलेला दांडा, हादरतो आणि त्याच हिसक्यानं शेंग फुटते. चाळणीचं बुश, म्हणजे जोडातलं लाकडी किंवा रबरी अस्तर, झिजलं की मशीनला मागून धक्के बसतात आणि चाळणीची चाल बिघडल्यानं दाणा भुशाबरोबर बाहेर जातो. म्हणून थरथर कुठून येते हे शोधताना दाणा कुठं गळतोय हेही शोधावं. एकाचा माग दुसऱ्याकडं नेतो.

आधी मोजा, मग पाना उचला

मोजणीला एक दोरी पुरते. हेडर, म्हणजे मशीनचा कापणी करणारा पुढचा आडवा भाग, १२ फुटी असेल तर दोरीची चौकट १२ फूट लांब आणि १० इंच रुंद करा. ती बरोबर १० चौरस फूट भरते. चौकट मशीनच्या चालीला आडवी, हेडरच्या पूर्ण रुंदीवर टाका. हे महत्त्वाचं आहे. मशीनच्या मागं भुसा आणि काड एका अरुंद पट्ट्यात पडतं. फक्त त्या पट्ट्यातले दाणे मोजले तर नुकसान तिप्पट वाटेल, पट्ट्याबाहेरचे मोजले तर काहीच नाही असं वाटेल.

चौकटीतले सगळे दाणे मोजा. न फुटलेल्या शेंगांमधले दाणेही त्यात धरा. आलेल्या आकड्याला दहानं भागलं की एका चौरस फुटातले दाणे कळतात. सोयाबीनच्या १०० दाण्यांचं वजन १३ ग्रॅम धरलं, तर चौरस फुटाला एक दाणा म्हणजे एकरी सुमारे साडेपाच किलो. चौकटीत ९० दाणे सापडले तर एकरी जवळपास ५० किलो गेलं. रान एकरी १० क्विंटलचं असेल तर ते पाच टक्के झालं. २०२५-२६ च्या क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभावानं ही रक्कम अडीच हजारांच्या वर जाते. सोयाबीनला पाच टक्क्यांच्या आत राहणं ठीकठाक मशीनला जमतं. त्याच्या वर गेलं की मशीन थांबवून बघायलाच हवं.

गव्हाचा दाणा हलका असतो. चौरस फुटाला एक दाणा म्हणजे एकरी पावणेदोन किलो. त्यामुळं गव्हाच्या रानात दाणे जास्त दिसले तरी लगेच घाबरू नका, आधी हिशेब करा.

आता हे दाणे मशीनच्या कुठल्या भागातून पडले ते काढायचं. चालू पिकात मशीन थांबवा, हेडर उचला आणि १५ फूट सरळ मागं घ्या. तीन ठिकाणी चौकट टाका. पहिली समोरच्या उभ्या पिकात. तिथं जमिनीवर जे आहे ते मशीन येण्याआधीच गळलेलं असतं, त्याचा दोष मशीनला नाही. दुसरी उभं पीक आणि हेडर यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. इथं कटर बार फिरलाय पण मशीनच्या मागचा माल पडलेला नाही, म्हणून इथल्या मोजणीतून पहिली वजा केली की हेडरचं नुकसान हाती लागतं. तिसरी मशीनच्या मागं. तिच्यातून दुसरी वजा केली की मळणीचा ड्रम, काड उधळत मागं नेणारे वॉकर आणि चाळणी यांचं मिळून नुकसान कळतं.

सोयाबीनमध्ये बहुतेक वेळा सर्वांत मोठा आकडा हेडरचा निघतो. गव्हात मात्र मागच्या बाजूकडं संशयानं बघावं.

ज्यांची काढणी झाली आणि मोजायचं राहून गेलं, त्यांना परतीचा पाऊस उत्तर देतो. पाऊस पडून पाच-सहा दिवसांनी रानात जा. कोंब सगळीकडं सारखे उगवले असतील तर दाणे हेडरनं पाडलेत. मशीनच्या अंगाएवढ्या रुंदीचे हिरवे पट्टे दिसले तर ते वॉकर किंवा चाळणीवरून गेलेत. आणि बोटभर रुंदीची एकच सरळ रेघ रानभर गेली असेल तर मशीनला कुठंतरी भोक आहे. दाणे वर नेणाऱ्या एलिव्हेटरचं खालचं झाकण, माल सरकवणाऱ्या ऑगरची (स्क्रूची) फट, टाकीचा जोड यांपैकी काहीतरी उघडं आहे.

थरथर कुठून येते

मशीन रिकामं आणि सपाट जागेवर उभं करा. हेडर जमिनीपासून वर, हँडब्रेक लावलेला. टप्प्याटप्प्यानं एकेक भाग जोडत जा.

फक्त इंजिन सुरू करून पूर्ण फेऱ्यांवर न्या. बऱ्याच मशीनवर हा आकडा मिनिटाला २२०० च्या आसपास असतो. एवढ्यातच थरथर आली तर इंजिनाचे रबरी माउंटिंग, त्यांचे बोल्ट आणि डिझेल पंप-नोझल बघा. मळणीचा क्लच जोडल्यावर सुरू झाली तर दोष ड्रम, पंखा, वॉकर, चाळणी किंवा काड बारीक करणाऱ्या चॉपरमध्ये आहे. हेडर जोडल्यावर सुरू झाली तर कटर बार, पीक आत घेणारं रील, हेडरचा ऑगर आणि माल ड्रमकडं नेणाऱ्या फीडरची साखळी तपासा. रिकामं मशीन शांत चालतं आणि पिकात गेल्यावरच धडधडतं, असं असेल तर भाग बहुधा शाबूत आहेत, माल गोळ्या-गोळ्यांनी आत जातोय. आणि फक्त रस्त्यावर चालताना हादरे बसत असतील तर टायर, चाकाचे नट आणि मागचा एक्सल.

यानंतर कान आणि पाय वापरा. प्रत्येक शाफ्ट आपल्या फेऱ्यांच्या तालावर हादरवतो. वॉकर मिनिटाला २०० च्या आसपास फिरतात, म्हणजे सेकंदाला तीनेक धक्के. हे मोजता येतात आणि पूर्ण मशीन डुलल्यासारखं वाटतं. चाळणी त्याहून थोडी जलद. सोयाबीनवर ४५० फेऱ्यांनी फिरणारा ड्रम सेकंदाला सात-आठ ठोके देतो. ते मोजता येत नाहीत, पण ऑपरेटरच्या पायाखालच्या पत्र्यात स्पष्ट धडधड लागते. इंजिन आणि चॉपर यांची थरथर इतकी बारीक असते की ती झिणझिण्यांसारखी हाताला लागते आणि आरशातलं चित्र पुसट होतं. धक्का मोजता येत असेल तर ड्रम उघडण्यात वेळ घालवू नका, मागं जा.

बेअरिंग शोधायची पद्धत साधी आहे. दहा मिनिटं चालवा, इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा, सगळं फिरायचं पूर्ण थांबू द्या. ड्रम आणि चॉपर इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ फिरतात आणि इथं घाई करणाऱ्यांचीच बोटं जातात. मग हाताची मागची बाजू एकेका बेअरिंगच्या घराजवळ न्या, फार धग लागली नाही तरच टेकवा. शाफ्टच्या एका टोकाचं बेअरिंग कोमट आणि दुसऱ्यावर हात तीन सेकंदही ठेववत नाही, तर ते बेअरिंग चाललंय. पुष्कळदा बेअरिंग चांगलं असतं पण शाफ्टवर त्याला धरणाऱ्या कॉलरचा स्क्रू ढिला असतो. बदलण्याआधी तो बघा. वाळलेल्या सोयाबीनचा भुसा तापलेल्या बेअरिंगवर साठला तर पेट घेतो, हे विसरू नका.

कटर बार आणि रील

सोयाबीनचं नुकसान वाचवायचं तर सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा.

कटर बारचं ब्लेड आणि त्याखालची बोटं मिळून कात्रीचं काम करतात. ब्लेडला वरून दाबून धरणाऱ्या क्लिपा असतात. क्लिप आणि ब्लेड यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट पुरे. ती वाढली की ब्लेड उचललं जातं, काडी कापण्याऐवजी फटीत मुडपते आणि कटर बार फडफडतो. फट अजिबात नसेल तर ब्लेड तापतं आणि पिटमनवर, म्हणजे ब्लेड मागं-पुढं हलवणाऱ्या दांड्यावर, ताण येतो. हातानं ब्लेड सरकवून बघा. जोर लावावा लागला तर एखादं बोट वाकलंय. खटाव-माणच्या मुरमाड रानात दगड लागून हे कायम होतं. वाकलेलं बोट नळीनं सरळ करता येतं, तुटलेलं मात्र बदलाच.

पुढची तपासणी फार थोडे जण करतात. ब्लेड एका टोकाला पूर्ण गेलं की प्रत्येक पातं बोटाच्या बरोबर मध्यावर थांबायला हवं. दुसऱ्या टोकालाही तसंच. पातं मध्यावर येत नसेल तर पिटमनची लांबी बिघडलीय किंवा त्याचं बुश झिजलंय. अशा वेळी प्रत्येक फेरीत अर्धवट कापलेल्या काड्या ओढल्या जातात. पिटमनचं टोक हातात धरून मागं-पुढं हलवा. तिथं खुळखुळ जाणवली तर हेडरच्या थरथरीचं कारण तुमच्या हातात आहे.

आता वेग. समजा ब्लेड मिनिटाला ४५० वेळा जा-ये करतं, म्हणजे ९०० काप. ३० सेकंदांत २५ मीटर जाणारं मशीन ताशी ३ किलोमीटरनं चाललंय. त्या वेगात दर कापामागं ते साडेपाच सेंटिमीटर पुढं सरकतं. तेच ताशी ५ किलोमीटरनं चाललं तर नऊ सेंटिमीटरच्या वर. पात्याच्या आवाक्यापेक्षा जास्त अंतर सरकलं की मधली झाडं वाकवून, ओढून कापली जातात. कोरड्या सोयाबीनची शेंग अशा वेळी फुटतेच. काढणीचा दर एकरावर ठरतो, त्यामुळं ऑपरेटरचा हात गिअरकडं जातो हे समजतं. पण वेग ठरवायचा तो चौकटीतल्या दाण्यांनी.

रील मशीनच्या वेगापेक्षा थोडंच जलद हवं, साधारण सव्वापट. ताशी ३ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५० मीटर, तर रीलच्या टोकाचा वेग मिनिटाला ६० मीटर. एक मीटर व्यासाच्या रीलला हे १९-२० फेऱ्यांत जमतं. जास्त फिरवलं तर दांडे शेंगांना मारतात. कमी फिरवलं तर कापलेलं झाड पुढं पडतं. रीलचा आस कटर बारच्या सहा ते बारा इंच पुढं ठेवा आणि दांडा झाडाच्या वरच्या भागाला लागेल इतकाच खाली आणा.

सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून तीन-चार इंचांवर असतात. पाच इंचांवर कापलं तर त्या खुंटालाच राहतात. सरी-वरंब्यावर टोकलेल्या रानात मशीन वरंब्याच्या दिशेनंच चालवा. आडवं घातलं की हेडर प्रत्येक सरीला वर-खाली होतो, कधी माती उचलतो तर कधी शेंगा सोडतो. भारी जमिनीत दाट पेरलेलं सोयाबीन लोळतं. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातून आलेलं फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, असो की दुसरा कुठला वाण, लोळलेलं पीक ज्या बाजूला पडलंय त्याच्या उलट दिशेनं किंवा तिरकं कापावं.

दाण्यातला ओलावा १३ ते १५ टक्के असताना काढणी सर्वांत चांगली होते. ११ च्या खाली गेलं तर भर दुपारी नुसत्या स्पर्शानं शेंग उकलते. अशा वेळी सकाळी दव उडाल्यावर लगेच आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर मशीन घाला. मधले तीन-चार तास ग्रीसिंग आणि सफाईला द्या.

ड्रम: पाव किलो चिखलाची किंमत

ड्रम एका बाजूला जड झाला की फिरताना तो त्या बाजूला ओढला जातो. ही ओढ फेऱ्यांच्या वर्गानं वाढते, म्हणजे फेरे दुप्पट झाले तर ओढ चौपट होते. सुमारे ६०० मिमी व्यासाच्या ड्रमच्या कडेला पाव किलो चिखल चिकटला, तर ४५० फेऱ्यांवर तो बेअरिंगला १७ किलोच्या जोरानं ओढतो. त्याच ड्रमला गव्हासाठी ८५० फेरे दिले की हा जोर ६० किलोवर जातो. सोयाबीनला शांत चाललेलं मशीन फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हात गेल्यावर धडधडायला लागतं ते यामुळं. बिघाड नवा नसतो, ऑक्टोबरातल्या ओल्या काळ्या रानातली माती ड्रमच्या पोटात वाळून बसलेली असते. ड्रम उघडून आतून खरवडून काढा, बाहेरून पाणी मारून भागत नाही.

ड्रमवरची मळणीची पट्टी बदलताना एकटी कधीच बदलू नका. बरोबर समोरची पट्टीही बदला आणि बसवण्याआधी दोन्ही तराजूवर तोला. एका पट्टीच्या रेषा डावीकडं झुकलेल्या तर शेजारच्या उजवीकडं असतात, तो क्रम मोडला तर माल एका बाजूला जमतो. चॉपरचं पातं तुटलं तर समोरचं काढूनच पुढं चला. २८०० फेऱ्यांवर २०० ग्रॅमच्या एका पात्याची तफावत चारशे किलोच्या वर ओढ देते. तेवढ्यानं एका दिवसात बेअरिंगचं घर चिरतं.

ड्रमच्या फेऱ्यांची सुरुवात सोयाबीनला ४०० ते ५५०, गव्हाला ८०० ते १०००. ड्रम आणि त्याखालची जाळी यांच्यातलं अंतर सोयाबीनला पुढं २० ते २५ मिमी, मागं १० ते १५. गव्हाला पुढं १२, मागं ६ च्या आसपास. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. टाकीतला मूठभर माल तळहातावर घ्या. डाळ झालेले दाणे दिसले तर आधी फेरे कमी करा, जाळीला हात नंतर. मागं न फुटलेल्या शेंगा पडत असतील तर आधी जाळी जवळ घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा मोजा. दोन एकदम केले तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

वॉकर, चाळणी आणि वारा

मागच्या भागाचा एक नियम पक्का ठेवा. इंजिनाचा वेग कमी करून मशीन सावकाश चालवू नका. थ्रॉटल पूर्ण ठेवा आणि सावकाश जायचं ते गिअरनं जा. थ्रॉटल कमी केलं की वॉकर, चाळणी, पंखा सगळंच मंदावतं. वॉकर काड उधळायचं सोडून नुसतं पुढं ढकलतो आणि काडात अडकलेले दाणे काडाबरोबर जातात. ढिला बेल्टही हेच करतो. एक मीटर अंतरावरच्या दोन पुल्यांमध्ये बेल्ट अंगठ्यानं दाबल्यावर १५-१६ मिमी वाकावा. कडा चकचकीत झालेल्या असतील किंवा जळक्या रबराचा वास येत असेल तर तो घसरतोय. पुलीवर खडूची खूण करून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर फेरे घरच्या घरी मोजता येतात.

वरची चाळणी आणि तिच्या पुढचा धान्याचा तवा उलट दिशांनी हलतात, म्हणजे एकाचा धक्का दुसरा खातो. कुठल्याही बाजूचं लाकडी वा रबरी बुश झिजलं, हँगरला चीर गेली किंवा तव्यावर चिखल-भुशाचा थर बसला, की हा तोल जातो. हिरव्या काड्यांचा रस आणि धूळ मिळून तव्यावर सिमेंटसारखा थर धरतो. त्यावरून दाणा पुढं सरकत नाही, ढीग होतो आणि मग एकदम चाळणीवर कोसळतो. ओल्या पिकात हा थर रोज संध्याकाळी खरवडावा.

वाऱ्याबाबत एक गैरसमज सर्रास आहे. मागं दाणे पडायला लागले की पंखा कमी केला जातो. पण वारा कमी पडला तर भुसा चाळणीवर गोधडीसारखा बसतो आणि दाणा त्याच्यावरूनच बाहेर जातो. पंखा अजून कमी केला की नुकसान अजून वाढतं. त्यामुळं चालू पिकात मशीन एकदम थांबवून चाळणी बघा. भुशाचा जाड थर असेल तर वारा वाढवा किंवा चाळणी थोडी उघडा. चाळणी जवळजवळ उघडी पडलेली आणि दाणे मागच्या टोकाला उडालेले असतील तरच वारा कमी करा. परतीच्या एलिव्हेटरमध्ये स्वच्छ दाणे भरपूर येत असतील तर खालची चाळणी फार मिटलीय. ते दाणे पुन्हा ड्रममध्ये जाऊन फुटतात, म्हणजे डाळ वाढण्याचं कारण कधीकधी चाळणीत असतं.

पाटण, जावळीच्या चढ-उताराच्या रानात मशीन चढाला लागलं की माल चाळणीवरून लवकर मागं जातो, म्हणून चढावर वेग कमी ठेवा. आडव्या उतारावर सगळा माल एका कडेला जमतो. दोन्ही पुढच्या टायरांतली हवा कमी-जास्त असली तर सपाट रानातही हेच होतं.

ज्यांना याच रानातलं बियाणं ठेवायचंय त्यांनी टाकी भरायच्या आधी ऑपरेटरशी बोलून घ्यावं. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते आणि कोंब तिच्या लगेच खाली असतो. ड्रमचा मार बसला तर दाणा दिसायला अखंड राहतो पण उगवत नाही. बियाण्याच्या प्लॉटला फेरे ३५० ते ४०० ठेवा, न फुटलेल्या थोड्या शेंगा मागं गेल्या तरी चालतील. आधीच्या शेतकऱ्याचा माल एलिव्हेटर आणि ऑगरमध्ये शिल्लक असतो, म्हणून पहिली पन्नासेक किलो वेगळी काढा. माल १० टक्क्यांपर्यंत सावलीत वाळवून पोती एकावर एक पाचपेक्षा जास्त लावू नका, आणि मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा. सत्तरच्या खाली उगवले तर त्या प्रमाणात पेरणीचं बियाणं वाढवावं लागेल.